तुझ्या शर्यतीचा खर्च

आई, तू गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर रागावलेली आहे असं सांगितलं तर लोकांना ते विचित्र वाटेल. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं. मी बोलतेही. नातेवाईकांत तुझा विषय निघाला की मी हसून सांगते की आमची आई डोंबिवलीत स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी होती, क्लबच्या शर्यतीत धावायची, बक्षिसं आणायची. लोक कौतुकाने ऐकतात. त्यापुढचं मी कुणाला सांगत नाही. आज तुलाच सांगते.

ती स्कूटर मुळात बाबांची. त्यांनी ती माझ्या जन्माच्या आसपास कधीतरी बुक केली होती आणि नंबर लागेपर्यंत मी शाळेत जायला लागले. गाडी घरी आली तेव्हा बाबांनी एकदाच ती चालवून पाहिली, सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला घासली, आणि खाली उतरून तुला म्हणाले, "अगं, तूच शिक. मला काही हे जमायचं नाही." असं म्हणणारा नवरा त्या काळी आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा नव्हता. तू शिकलीस. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझी पाळीपाळीची ड्यूटी, पहाटेच्या पाळीला जायला तुला ती गाडी सोयीची पडायला लागली. पदर कमरेला खोचून तू निघायचीस तेव्हा दूधवाला सायकल बाजूला घेऊन उभा राहायचा.

मग एक्स्चेंजमधल्या कुणाच्या तरी भावाने तुला क्लबबद्दल सांगितलं. ठाण्याचा क्लब. त्यात कारखान्यांचे साहेब, गॅरेजवाले आणि कॉलेजातली पैसेवाली पोरं. थंडीच्या दिवसांत कोलशेतला खाडीच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर ते चुन्याच्या रेषा मारून, दोऱ्या बांधून ट्रॅक करायचे आणि रविवारी दिवसभर मोटारसायकली, स्कूटरी धूळ उडवत फिरायच्या. पुरुषांच्या दोन शर्यतींच्या मध्ये बायकांची एक ठेवलेली होती, गर्दी पांगू नये म्हणून. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणायचा, "आता आपल्या वहिनींची शर्यत, जरा सांभाळून उभे राहा मंडळी," आणि लोक हसायचे. मला तो माणूस अजून दिसतो. गॉगल, पांढरे बूट, हातात शहाळं. आठवीपर्यंत मला वाटायचं की जगात माझा सगळ्यात मोठा शत्रू तो आहे.

तू बाबांची जुनी पँट घालायचीस, कमरेला पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून. हेल्मेट उसनं आणि मोठं, म्हणून आत ओढणीची घडी. पहिल्या वर्षी तू शेवटून दुसरी आलीस. घरी येऊन अंघोळ केलीस, पोळ्या केल्यास, आणि पोळी लाटता लाटता बाबांना म्हणालीस, "अहो, वळणाच्या आधी गिअर पाडायचा असतो. मी वळणात पाडत होते." बाबा ताटावरून म्हणाले, "मग पुढच्या वेळी आधी पाड." इतकं साधं. त्या घरात इतकं साधं बोलणं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तू ते संपवलंस.

खर्च म्हणजे काय ते मला त्या दोन-तीन वर्षांत कळलं. प्रवेश फी, क्लबची वर्गणी, डॉक्टरचा दाखला. रोजच्या टायरवर मातीत धावता येत नाही म्हणून खाचांचे वेगळे टायर. क्लच प्लेट एका मोसमात जळून जायची. कोपरीतल्या गॅरेजवाल्याकडून इंजिनचं हेड घासून घेतलं की गाडी जोरात पळायची आणि मग महिनाभर ऑफिसला जाताना पेट्रोल प्यायची. तुझा ओव्हरटाइम त्यात गेला. दिवाळीचे माझे कपडे एक वर्ष आले नाहीत आणि मला त्याचं काही वाटलं नाही. कल्याणहून आत्या यायची, टायरकडे बघायची आणि म्हणायची, "वहिनी, एवढ्या पैशात मिक्सर आला असता." तू गप्प. बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "आमच्याकडे पाटा आहे गं." आत्या गेली की तुम्ही दोघं हसायचात. मी त्या हसण्यात असायचे. आपण तिघं एका बाजूला आणि आत्या, दूधवाला, गॉगलवाला सगळे दुसऱ्या बाजूला, असं मला वाटायचं.

बाबांची नोकरी कोलशेतच्या कंपनीत, स्टोअरमध्ये. शर्यतीच्या आदल्या शनिवारी अर्धा दिवस असायचा. तेव्हा ते कंपनीतून चालत त्या मैदानावर जायचे आणि सगळा ट्रॅक पायी फिरून खिळे, काचा, धारेचे दगड उचलून टाकायचे. एकदा मीही त्यांच्याबरोबर होते. ऊन लागत होतं, मी कुरकुरले, तर म्हणाले, "आई पडली तर निदान मऊ मातीत पडू दे." मग रविवारी ते दोरीपाशी पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन उभे. ओरडायचे नाहीत. तू समोरून गेलीस की फक्त टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे.

कोलशेतची मावशी तुला तिथेच भेटली. कोळ्यांची, तुझ्याच वयाची, नवऱ्यामागे मासळीचा धंदा स्वतः बघणारी. टोपल्या बांधून जी स्कूटर बाजारात न्यायची तीच रविवारी धुऊन शर्यतीत आणायची. बायकांच्या शर्यतीत खऱ्या दोघीच, तू आणि ती, बाकीच्या हौशी. ती पहिली, तू दुसरी, मग तू पहिली, ती दुसरी. तू जिंकलीस त्या वर्षी पुरुषांना कप आणि टायरची जोडी मिळाली, आणि तुला स्टीलच्या डब्यांचा सेट. मावशी तुझ्या कानात म्हणाली, "घे गो, आता रवा भर त्यात." तुम्ही दोघी त्या स्टेजवर इतक्या हसलात की साहेबांच्या बायकोला बक्षीस देता येईना. आई, तू त्या दिवशी जशी दिसलीस तशी मी नंतर तुला कधी पाहिली नाही.

आणि मग त्याच्या पुढच्या वर्षीची ती शर्यत. मी आठवीत. धूळ बसावी म्हणून क्लबने टँकरने पाणी मारलं होतं आणि एका वळणावर ते जास्त पडलं होतं. पुरुषांच्या शर्यतीत तिथे दोघेजण घसरले. कुणी तिथे माती टाकली नाही. बाबा जाऊन सांगून आले, तर तो गॉगलवाला म्हणाला, "साहेब, रेस आहे, बागेतला घसरगुंडीचा खेळ नाही." शेवटच्या फेरीत मावशी पुढे, तू मागे, आणि तू तिला बाहेरून गाठायला गेलीस. ओल्यात मागचं चाक गेलं. तू पडलीस, गाडी वेगळी झाली, आणि मागून येणाऱ्या बाईला थांबता आलं नाही. तिचं चाक तुझ्या उजव्या मनगटावरून गेलं.

मी किंचाळले की नाही ते मला आठवत नाही. बाबा दोरीखालून गेले. झेंडेवाला त्यांना अडवत होता, दुसऱ्या गाड्या अजून येत होत्या, आणि बाबा, ज्यांना स्कूटर चालवायची भीती वाटायची, ते त्या गाड्यांच्या मधून तुझ्याकडे चालत गेले. पळालेही नाहीत. टॉवेल फाडून त्यांनी तुझा हात बांधला. मावशी पुढे जिंकायची सोडून गाडी टाकून परत आली. तिच्या भावाच्या टेंपोत, मासळीच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये, आपण ठाण्याच्या हॉस्पिटलात गेलो. मैदानातून निघताना मागे लाउडस्पीकर सांगत होता की पुढची शर्यत थोड्याच वेळात सुरू होईल, कुणी जाऊ नये.

गळ्याचं हाड आणि मनगट. क्लबचा सेक्रेटरी दोन दिवसांनी घरी येऊन सफरचंदं ठेवून गेला. बाबांनी त्या पाण्याचं विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनींनी सही केली होती ना, जबाबदारी स्वतःची म्हणून." तेवढ्यावर क्लबचा विषय संपला. हॉस्पिटलचा खर्च आपला, बिनपगारी रजा आपली. प्लॅस्टर निघाल्यावर तुझं मनगट पूर्ण वळेना. ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर झरझर दोऱ्या खोचणारा तो हात, एक्स्चेंजमध्ये सगळ्यात वेगवान म्हणून साहेब ज्याचं उदाहरण द्यायचे, तो तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर गेला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. हे सगळं मी शर्यतीच्या खर्चात धरते. त्याचा मला राग आहे, पण तुझ्यावर नाही. हे तू हसत मान्य केलेलं होतंस. पडलं तर लागणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

माझा राग पुढच्या एका रविवारचा आहे. तुझा हात अजून प्लॅस्टरमध्ये होता. सकाळी आंबिवलीहून एक माणूस त्याच्या मेहुण्याला घेऊन आला. मला वाटलं बाबांच्या ओळखीचा असेल. तू स्वयंपाकघरात डाव्या हाताने चहा गाळत होतीस आणि अर्धा चहा ओट्यावर जात होता. मी मदतीला आले तर म्हणालीस, "राहू दे, जमतं मला." मग खालून किक मारल्याचा आवाज आला. मी गॅलरीत गेले. बाबा त्या माणसाला चोक दाखवत होते. सांगत होते, "थंडीत किक मारताना गाडी जरा आपल्याकडे झुकवा, लगेच चालू होते." आणि त्यांनी चावी त्याच्या हातात दिली.

ते वर आले तेव्हा मी दारात उभी होते. मी विचारलं, "आईला विचारलंत का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुझ्याकडे पाहिलं. तू कपबशा ट्रेमध्ये मांडत होतीस.

"बाबा, मी विचारते आहे. तिची गाडी विकताना तुम्ही तिला विचारलंत का?"

"तू आत जा गं," तू म्हणालीस. "अभ्यास कर."

बाबा काहीच बोलले नाहीत. माझ्यासाठी ते उत्तर होतं. तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय कळणार? तिने पाहिलं की आईचा हात गळ्यात आहे, आईला काही करता येत नाही, तेवढ्यात नवऱ्याने गाडी विकली आणि आईला त्याच माणसाला चहा द्यायला लावला. आत्या पुढच्या आठवड्यात मिक्सर घेऊन आली, गेल्या भाऊबीजेची उलटी भेट म्हणून, आणि म्हणाली, "बरं केलंस दादा." बाबांनी मान खाली घातली. मला तेही उत्तर वाटलं.

त्या दिवसापासून मी बाबांशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त कामापुरतं. तू हे रोज बघत होतीस. ते माझ्यासाठी पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडून ठेवायचे, जे आधी आम्ही मिळून सोडवायचो. मी ते तसंच रद्दीत टाकायचे. संध्याकाळी क्लासहून यायला उशीर झाला की ते रस्त्याच्या वळणावर येऊन उभे राहायचे. मी त्यांच्या पुढून निघून जायचे आणि ते मागून चालत यायचे. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुझ्या तोंडात पेढा घातला आणि त्यांचा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे." तू तिथेच उभी होतीस, आई. पदराने भांडं पुसत होतीस.

माझ्या पहिल्या पगारात मी तुला साडी आणली. त्यांना काही नाही. त्या रात्री जेवताना तू मला म्हणालीस, "त्यांनाही एखादा शर्ट आणायचा होता गं." मी म्हणाले, "ते घेतील की माझी एखादी वस्तू विकून." तुझा घास हातातच राहिला. तेव्हा तरी बोलायचं होतंस. माझा आवाज किती कडवट झाला होता ते तुला ऐकू आलं असणारच. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलंस, माणसांचे आवाज ऐकण्याचंच तर तुझं काम होतं.

आणि लग्न. ठाण्याचा तो हॉल, वरचा मजला. आदल्या दिवशी सगळे बसलेले असताना मी आत्यासमोर, मामासमोर सांगितलं की कन्यादान बाबांनी करायचं नाही. आत्याने कारण विचारलं. मी म्हणाले, "आईची वस्तू न विचारता ज्यांनी देऊन टाकली, त्यांनी मला कुणाला द्यायचं नाही." बाबा म्हणाले, "ठीक आहे. मामा-मामी करतील." आणि उठून आचाऱ्याला दुधाचं विचारायला गेले. दुसऱ्या दिवशी विधी चालू असताना ते खाली पाणी आणि पंगतीचं बघत होते. मामा माझा हात धरून बसला होता. गजरा माळताना तू मला एवढंच म्हणालीस, "बसू दे गं त्यांना जवळ." मी नाही म्हणाले. तू गजऱ्याची पिन लावलीस. ती पिन तू किती नीट लावलीस ते मला आठवतं. डोक्याला जराही टोचली नाही. तेव्हा तुझ्या एका वाक्याने माझ्या बापाला त्याची जागा मिळाली असती. ते वाक्य तुझ्या तोंडात होतं आणि तू ते गिळलंस.

तुझं आजारपण तीन-चार महिने चाललं. कल्याणच्या हॉस्पिटलात दिवसा मी, रात्री बाबा. तू गॅसचा नंबर कधी लावायचा ते सांगितलंस. बाबांना तिखट कमी घालायचं, ते सांगितलंस. लोणच्याच्या बरणीवरचं फडकं बदलायचं, तेही. एकदा दुपारी डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस, तर म्हणालीस, "तू बाबांवर अजून रागावलेली आहेस का?"

"हो," मी म्हणाले.

"बरं," तू म्हणालीस आणि कूस बदललीस.

बरं म्हणालीस. आई, या शब्दाचं मी काय करू ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तेराव्यानंतर कोलशेतची मावशी आली. केस पांढरे झालेले, गुडघे धरून जिने चढली. घरात मीच होते, बाबा बँकेत गेले होते. ती तुझ्या फोटोसमोर नारळ ठेवून बसली, रडली, मग तुमच्या शर्यतींबद्दल बोलायला लागली. बोलता बोलता तिने विचारलं, "बाप बरा हाय ना? आता तूच हायस त्याला." मी काहीतरी तुटक बोलले असेन. बाबांनी गाडी विकली तेव्हापासून आमचं फारसं नाही, असं काहीसं.

"तुज्या बापानं नाय इकली गो ती गारी," ती म्हणाली. "तुज्या आयशीनंच सांगलं त्याला, इकून टाका म्हनून. मी व्हते ना तिथं."

मग तिने सांगितलं. तू पडल्यावर काही दिवसांनी ती तुला बघायला आली होती. तुम्ही दोघी खाली गेलात. गाडी दुरुस्त होऊन आली होती. तू म्हणालीस, जरा बसून बघते. एका हाताने हँडल धरलंस, स्टँड काढला, आणि तुझे पाय थरथरायला लागले. गाडी तुझ्या अंगावर आली असती, मावशीने ती धरली. तू पायरीवर बसलीस आणि म्हणालीस की पडल्यावर मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला तो अजून जात नाही, पहाटे दूधवाल्याची सायकल आली तरी तो ऐकू येतो. बाबा वरून चहाला हाक मारायला आले तेव्हा तू मावशीच्या देखत त्यांना म्हणालीस, "अहो, ही विकून टाका. आणि पोरीला सांगू नका मी सांगितलं म्हणून. ती मला काय समजते ते मला माहीत आहे. तुम्ही काढून घेतली असं तिला वाटलं तरी चालेल. भ्याले म्हणून सोडली, असं नको वाटायला."

मावशी म्हणाली, "मी सांगलं तिला, असा नको करू. पोरगी हाय, समजंल. तर मना बोलली, तू गप."

बाबा आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. ते बसून तांदूळ निवडायला लागले, कारण तुझ्यामागे ते काम त्यांनी घेतलं होतं. मी विचारलं, "गाडी विकायला आईने सांगितलं होतं?"

त्यांचं बोट ताटलीत थांबलं. "कोण म्हणालं?"

"सांगितलं होतं का?"

"हो."

"मग तुम्ही का नाही बोललात? इतकी वर्षं?"

"तिने नको म्हटलं होतं." मग खडा बाजूला काढत म्हणाले, "तुझ्यासमोर एकदा पडले तेवढं पुरे, म्हणाली."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय," बाबा म्हणाले. "मी कुठे शर्यतीत होतो."

आई, तुझा हात गेला, तुझं काम गेलं, ते तू भरलंस. पण सगळ्यात मोठा खर्च तू त्या माणसाच्या नावावर टाकलास ज्याने शनिवारी वाकून वाकून तुझ्या वाटेतल्या काचा उचलल्या. तुला माझ्या डोळ्यांत मोठं राहायचं होतं आणि त्याची किंमत म्हणून तू त्यांना लहान होऊ दिलंस. आणि ते झाले. तुझ्यावर इतकं प्रेम करणारा माणूस मिळाला म्हणून त्याच्याकडून हेही मागून घ्यायचं? मला भ्यालेली आई चालली असती. मी तुझ्याजवळ पायरीवर बसले असते. भ्यालेली आई आणि शब्दकोडं सोडवणारे बाबा, हे मला मिळू शकलं असतं, आणि तू माझ्या वतीने परस्पर ठरवलंस की ते मला पुरणार नाही. गाडी विकताना मला विचारलं नाही ते ठीक, माझा बाप देऊन टाकताना तू मला विचारलंस का?

आणि मी त्या गोष्टीवर माझं सगळं आयुष्य उभं केलं. कुणाला कधी विचारायचं नाही, स्वतःचं खातं, स्वतःची गाडी, घर स्वतःच्या नावावर. नवऱ्याने कपाटातली माझी एखादी फाइल हलवली तरी मी तुटून पडायचे, "मला विचारलंस का?" तो बिचारा एकदा म्हणाला, "तू नक्की कुणाशी भांडतेस?" मला वाटायचं मी तुझ्यासाठी भांडते आहे. तुझ्याकडून काढून घेतलेलं परत मिळवते आहे. आणि तुझ्याकडून कुणी काही काढून घेतलंच नव्हतं.

तू म्हणशील, कळल्यावर सुधारलंस ना. हो, मी दर रविवारी डोंबिवलीला जायला लागले. त्यांना शर्ट नेले, पुष्कळ नेले. पण बोलायची सवय मोडली की ती काही शर्टाने येत नाही. आम्ही पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचो, सोसायटीच्या रंगाबद्दल, त्यांच्या मोतीबिंदूबद्दल. दोघांनाही एकमेकांसमोर कुठे बघायचं ते कळायचं नाही. एकदा, जेवण झाल्यावर, ते स्वतःहून म्हणाले, "तुझी आई ते खाडीकडचं वळण फार छान घ्यायची." मी वाट बघत बसले, अजून काहीतरी बोलतील म्हणून. मला विचारता आलं असतं. ते उठले, हात धुतले, आणि झोपायच्या खोलीत गेले. त्यानंतर काही महिन्यांतच गेले. मी मुलगी म्हणून त्यांना ओळखलं ते आठवीपर्यंत. पुढे मी फक्त त्यांच्या घरात राहिले.

हे पत्र मी कुठे नेऊन ठेवणार नाही, तुझ्या फोटोमागेही नाही. आज हे एवढं वर आलं ते माझ्या मुलीमुळे. ती अठराची झाली, लायसन्ससाठी फॉर्म भरत होती, आणि भरता भरता तिने सहज विचारलं, "आई, आजी एवढी भारी चालवायची, मग तिने सोडलं का गं?" तुझं नाव सांगावं तर तू भित्री ठरशील, बाबांचं सांगावं तर ते खोटं. मी गॅस बारीक केला. एवढा राग असूनही माझ्याच्याने तुला तिच्यासमोर पाडवलं नाही. मी म्हटलं, "स्कूटर चोरीला गेली."